रविवारची फेरी आणि सासूबाईंचे गुडघे

नमस्कार काकू,

मी तुमच्या मुलीच्या वयाची असेन, तेव्हा मला तू म्हणा. माहेर सावंतवाडी, सासर ताळगाव. घरात आम्ही पाच जण: मी, नवरा, नऊ वर्षांचा मुलगा, चार वर्षांची मुलगी आणि सत्तरीच्या सासूबाई. नवऱ्याला रविवारचीच सुट्टी. रविवार म्हटला की मिरामार, भेळ, आइस्क्रीम आणि घरी. वाळूत सासूबाईंना चालता येत नाही, त्या गाडीतच बसून राहतात. मुलांना आपलं शहर पायी कळावं, झाडं ओळखता यावीत असं मला फार वाटतं. म्हणून मागच्या रविवारी हट्टाने सगळ्यांना पणजीच्या जुन्या वस्तीत, फोंतेन्हासला नेलं. पोचेपर्यंत साडेदहा झाले. गाडी लावायला जागा नाही, फोटो काढणाऱ्यांची गर्दी, ऊन डोक्यावर. मुलीने कडेवर घे म्हणून रस्त्यातच फतकल मारलं. सासूबाई थकून एका घराच्या पायरीवर टेकल्या, तर आतून बाई येऊन बोलल्या. मुलगा पूर्ण वेळ मोबाइल मागत होता. परतताना गाडीत भांडण. नवरा म्हणाला, पुढच्या रविवारपासून सरळ मॉल. माझं चुकलं का? पणजीत आणि जवळपास सावलीच्या, जुन्या, आम्हा सगळ्यांना झेपतील अशा जागा आहेत का? आणि चालवायचं तरी किती?

– ताळगावची एक वाचक

तुझं पत्र वाचलं आणि लगेच लिहायला बसले, कारण तुझ्या गाडीतलं ते भांडण माझ्याही गाडीत झालेलं आहे. तुझी इच्छा चुकलेली नाही. चुकली ती वेळ. गोव्यात साडेदहाला कुटुंबाला घेऊन पायी निघणं म्हणजे दमट हवेच्या भट्टीत शिरणं, मग वस्ती कितीही सुंदर असो. सकाळी पावणेसात ते नऊ, नाहीतर संध्याकाळी साडेचारनंतर, एवढेच दोन तुकडे आपले. मधला दिवस घरी जेवायला आणि झोपायला.

आता माझी हकीकत ऐक. माझी मुलं लहान होती तेव्हा एका रविवारी आम्ही सासूबाईंना घेऊन रानात गेलो होतो. जाऊन-येऊन तीन किलोमीटर, वाट सपाट, सावली भरपूर. मी अंतर मोजलं होतं, डबे भरले होते, सगळं चोख. सासूबाई अर्ध्या वाटेवर गप्प झाल्या आणि घरी येईपर्यंत बोलल्या नाहीत. गुडघे दुखत असतील असं मी धरून चालले. दोन दिवसांनी त्या नणंदेला फोनवर सांगताना मी ऐकलं: बाथरूम कुठे मिळणार म्हणून त्या सकाळपासून पाण्याचा घोटही प्यायल्या नव्हत्या. मी अंतराचा हिशेब केला, आणि एका बाईने दुसऱ्या बाईला विचारायची साधी गोष्ट विचारली नाही.

म्हणून तुला पहिलं सांगते. सासूबाई बाहेर पडताना पाणी पितात का, ते बघ. पीत नसतील तर कारण गुडघ्यापलीकडचं आहे. आणि दुसरं, फेरी आखताना अंतर बाजूला ठेव, थांबायच्या जागा आधी ठरव. बसायला पाठीचं बाकडं कुठे, सावली कुठे, बाथरूम कुठे, चहा कुठे. अशा तीन जागा सापडल्या की त्यांच्यामध्ये जे चालणं होईल तेवढंच चालणं. किती चालवावं असं विचारतेस ना? माझ्या अनुभवाने चार वर्षांचं पोर एका दमात अर्धा-पाऊण किलोमीटर खुशीत चालतं, मग त्याला बसायला, खायला किंवा चिखलात काडी खुपसायला काहीतरी हवंच. तुमच्या पाच जणांत सगळ्यात हळू चालणारं जे माणूस, त्याची चाल ती घराची चाल. बाकीच्यांना जास्तीचं पळायचं असेल तर त्यांनी पळून परत यावं.

पहिल्या रविवारी कुठे लांब जाऊ नका. पणजीच्या चर्चसमोरच्या म्युनिसिपल गार्डनमध्ये जा. हसू नकोस. आपण त्या बागेच्या कडेकडेने शंभर वेळा बाजाराला गेलेलो असतो, पण आत जाऊन तासभर बसलेले किती? ही बाग १८५५ सालची. तिला नाव दिलंय गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचं. तो १५३४ मध्ये गोव्यात आला आणि इथेच १५६८ मध्ये वारला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावर तो उपचार करायचा, आणि मुंबईचं बेट काही काळ त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होतं. आपल्या इकडची औषधं, मसाले, फळं यांच्यावर त्याने पुस्तक लिहिलं आणि ते १५६३ मध्ये गोव्यातच छापलं. सगळं पुस्तक गप्पांच्या रूपात आहे: एक नवखा माणूस विचारतो, हे काय, ते काय, आणि ओर्ता सांगत जातो. आंबा, नारळ, फणस, विड्याचं पान, हिंग, दालचिनी, वेलची, लवंग, मिरी, सगळं त्यात आहे.

आता हे मुलांना भाषणासारखं सांगत बसलीस तर मोबाइलच मागतील. त्यापेक्षा सासूबाईंना आदल्या रात्री सांग, मसाल्याच्या डब्यातल्या पाच वस्तू एका छोट्या डबीत घ्या. हिंगाचा खडा, मिरी, वेलची, दालचिनी, लवंग. बागेत बाकड्यावर बसायचं, नातवंडांनी डोळे मिटायचे आणि आजीने एकेक वस्तू नाकाशी धरायची. माझ्या नातीने हिंगाला असं तोंड केलं होतं की शेजारच्या बाकड्यावरचे आजोबा उठून बघायला आले. मग आजी सांगेल, पोट दुखलं की हिंग कसा लावायचा, खोकल्याला मिरी कशी द्यायची. साडेचारशेहून जास्त वर्षांपूर्वी तो परदेशी वैद्य इथल्या वैद्यांना हेच विचारत फिरत होता. ज्या सासूबाई गाडीत बसून राहायच्या, त्यांच्याकडेच त्या दिवशी सगळं विचारायला यावं लागेल.

मुलगा नऊ वर्षांचा आहे, त्याला आणखी एक गोष्ट बाजूला घेऊन सांग, धाकटीला नको. ओर्ताचं घराणं मूळचं ज्यू. तो मेल्यानंतर बारा वर्षांनी, १५८० मध्ये, इन्क्विझिशनने, म्हणजे पाखंडी ठरवलेल्यांना शिक्षा देणाऱ्या चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्याची हाडं उकरून काढून जाळली. आज त्याच गोव्यात त्याच्या नावाची बाग आहे. नऊ वर्षांच्या मुलाला अन्याय चांगला कळतो. त्याच्या मनात काय येतं ते शांतपणे ऐकून घे, लगेच उत्तर देऊ नकोस.

बागेच्या मधोमध खांब आहे, तोही दाखव. वास्को द गामाच्या प्रवासाला चारशे वर्षं झाली म्हणून १८९८ मध्ये तो उभारला, वर वास्कोचा अर्धपुतळा होता. गोवा मुक्त झाल्यावर त्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. मुलाला विचार, वर काय आहे आणि आधी काय असेल? मग बाकीच्यांनी बाकड्यावर बसायचं आणि त्याने बाबांबरोबर चर्चच्या पायऱ्या चढून वर जायचं. वरची मोठी घंटा खालूनही दिसते. ती मूळची या चर्चची नव्हे, जुन्या गोव्यातल्या सांत आगुस्तीनच्या मठातली. ही घंटा लक्षात ठेवायला सांग, तिचं काम पुढे आहे. प्रार्थना चालू असेल तर पायऱ्यांवरूनच परत फिरायचं. खाली आलं की कुठल्याही जुन्या हॉटेलात पातळ भाजी-पाव, एक बन आणि चहा. बाथरूमचा प्रश्नही तिथेच सुटतो. नऊला घरी.

दुसऱ्या रविवारी पुन्हा फोंतेन्हास. होय, तिथेच. मुलांना ती जागा रडण्याची म्हणून लक्षात राहायला नको. पण या वेळी सकाळी सातच्या आत पोचा आणि गाडी शेजारच्या मळा वस्तीच्या बाजूला लावा. त्या वेळी गल्ल्या घरच्या माणसांच्या असतात. पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवर भोंपू वाजवत येतो, त्याच्याकडून गरम पोई आणि मुलीसाठी एक कडक काकण घ्या. बांगडीसारखा पाव हातात घालून ती अर्धा तास चालेल, माझ्यावर विश्वास ठेव.

त्या पायरीवरच्या बाईंबद्दल मात्र मला त्यांची बाजू मांडायची आहे. रोज दारात कोणीतरी उभं राहून फोटो काढतं, गॅलरीला टेकतं, खिडकीत डोकावतं. त्यांच्या घरात म्हातारी माणसं आहेत, आजारी माणसं आहेत. सासूबाईंना खरोखर टेकायचं होतं हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. यापुढे दार उघडं असेल तर आधी विचारायचं, 'मात्शें बसूं?' गोव्यात विचारलेल्या म्हाताऱ्या माणसाला कोणी नाही म्हटलेलं मी पाहिलं नाही, उलट पाणी येतं. मुलांनाही सांग, ही रंगीत घरं बघायला आहेत, हात लावायला नाहीत.

फोंतेन्हास हे नाव झऱ्यावरून पडलं. आल्तिनोच्या टेकडीच्या पायथ्याशी फोंते फेनिक्सचा झरा आहे, तिथे थांबा. पणजीला नळ नव्हते तेव्हा वस्ती अशा झऱ्यांच्या आधाराने वाढली. महालक्ष्मीच्या देवळाजवळचा बोका द वाका, म्हणजे गाईचं तोंड, हाही तसलाच. सांत सेबास्तियांवच्या कपेलात, म्हणजे छोट्या प्रार्थनामंदिरात, गेलात तर तिथला क्रूस नीट बघा. येशूची मान खाली झुकलेली नाही, डोळे उघडे आहेत. हा क्रूस पूर्वी इन्क्विझिशनच्या वाड्यात होता. मुलाला ओर्ताची गोष्ट आठवते का बघ. आठवली तर तोच तुला काहीतरी विचारेल.

तिथून वर जायला पायऱ्या आहेत आणि टेकडीवर मळ्याचा मारुती. इथे तुमची दोन पथकं करा. तू आणि मुलगा पायऱ्यांनी, नवरा, सासूबाई आणि मुलगी गाडीने. वर पोचल्यावर सगळ्यांनी मिळून मारुतीला नमस्कार करायचा. येताना मात्र तूही गाडीने ये, म्हणजे धाकटीला सांभाळायला माणूस होईल. गुडघ्याची एक गोष्ट लक्षात असू दे: चढताना दम लागतो, पण गुडघ्यावर खरा भार येतो तो उतरताना. सासूबाईंना कधी चार पायऱ्या चढवायच्याच असतील तर चढव, पण उतारासाठी दुसरी वाट आधी बघून ठेव. आणि पावसाळ्यात, म्हणजे जूनपासून पार ऑक्टोबरपर्यंत, या चिऱ्याच्या पायऱ्या विसरा. जांभ्यावर हिरवं शेवाळ धरतं, ते ओलं असलं की चांगला तरणा माणूसही सपाटून आपटतो.

आल्तिनोवरच जॉगर्स पार्क आहे. मला ती जागा आवडते कारण शहराच्या डोक्यावर असूनही तिथे टेकडीचं झाडझाडोरं टिकून आहे आणि फिरायची वाट पायाला सोपी आहे. सासूबाईंनी तिथे एक फेरी मारावी, बाकड्यावर बसावं, मन झालं तर दुसरी. नवऱ्याला वर्तमानपत्र घेऊन बसू दे. तो सहा दिवस राबतो, सातव्या दिवशी त्याला झाडांची नावं पाठ करायची नसतील तर नसोत. सावलीत तासभर बसणं हीही त्याची सुट्टीच. त्याने मॉल म्हटलं ते गारवा आणि बसायला जागा यांच्यासाठी म्हटलं असणार. त्या दोन्ही गोष्टी झाडाखाली मिळाल्या की तो तक्रार करणार नाही.

संध्याकाळची फेरी करायची असेल तर कांपाल. सपाट, रुंद, नदीकाठी. मांडवीच्या काठाने जुन्या सचिवालयाजवळ आबे फारियाचा पुतळा आहे, तिथपासून सुरुवात करा. हात पुढे करून उभा असलेला माणूस आणि समोर कोसळत असलेली बाई. मुलं हटकून विचारतात, हा तिला काय करतोय? फारिया कांदोळीत १७५६ मध्ये जन्मला आणि पॅरिसमध्ये जाऊन संमोहनाचे प्रयोग करणारा म्हणून गाजला. पुतळा १९४५ चा, रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला. तिथून कांपालच्या बागेपर्यंत गाडीनेच या, चालत आणू नका, मधला रस्ता वाहनांचा आहे. बागेला फ्रान्सिस्कु लुईस गोमिश यांचं नाव आहे. ते नावेलीचे, १८२९ ते १८६९ एवढं चाळीस वर्षांचं आयुष्य, आणि तेवढ्यात पोर्तुगालच्या संसदेत गोव्याची बाजू मांडून आले.

पण कांपालला जायचं ते तिथल्या पर्जन्यवृक्षांसाठी. हे मोठे छत्रीसारखे पसरलेले, गुलाबी-पांढऱ्या पावडरच्या पफासारखी फुलं येणारे. साधारण सव्वासहाला त्यांच्याखाली सतरंजी टाका आणि मुलीला उताणी झोपव. तिला सांग, झाड झोपायला निघालंय, बघ. अंधार पडू लागला की या झाडाची पानं दोन्ही बाजूंनी मिटत जातात, आणि मघाशी जिथे दाट हिरवं छत होतं तिथे आभाळाचे तुकडे दिसायला लागतात. मी शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं, फळ्यावर पानं मिटण्याची आकृती काढली, पण मुलांच्या चेहऱ्यावर जे यायचं ते झाडाखाली झोपल्यावरच यायचं. खाली पडलेल्या त्याच्या काळ्या शेंगा चिकट असतात, कपड्यांना लागतात, तेवढं बघ.

दोन-तीन रविवार असे पार पडले की चोडण बेट. हे माझं सगळ्यात लाडकं ठिकाण. रायबंदरहून फेरीबोट, आणि मुलांसाठी फेरीबोट हीच अर्धी सहल. रायबंदरला जाताना पाटोहून जो लांब बांध लागतो तो १६३३-३४ सालचा, लिन्हारिशच्या काउंटने, म्हणजे तेव्हाच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने, दलदलीतून घातलेला, तीन किलोमीटरहून थोडा जास्त. त्याच्या कडेला मिठागरं आहेत. गाडी हळू घ्यायला सांग आणि मुलाला त्या बाजूचे बगळे मोजायला लाव.

चोडणला उतरलं की जवळच डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य. १९८८ मध्ये जाहीर झालेलं, जेमतेम १७८ हेक्टरचं, सगळं खारफुटीचं. आत बांधलेली पायवाट आहे, दोन्ही बाजूंनी झाडं वाकून आलेली, म्हणून सावली सलग मिळते. इथे येताना पंचांग आणि भरती-सुकतीची वेळ बघून या. भरती असेल तर झाडं पाण्यात उभी दिसतात आणि सगळं शांत असतं. मुलांना घेऊन जायचं तर सुकतीला. तेव्हा चिखल उघडा पडतो आणि त्यात इतकं काही चालू असतं की मोबाइल कोणी मागत नाही. एक नांगी अंगापेक्षा मोठी असलेले लाल-केशरी खेकडे ती हलवत असतात, चिखलावरून टुणटुण उड्या मारणारे मासे दिसतात. सुकतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. शनिवारची वेळ माहीत असली की रविवारची काढायचं काम मुलावर सोपव. त्याचा हिशेब चुकला आणि भरती लागली तरी चालेल; पुढच्या वेळी तो पुन्हा मांडेल.

खारफुटीत तिवर म्हणून झाड असतं. त्याच्या बुंध्याभोवती चिखलातून पेन्सिलीसारखी मुळं वर आलेली असतात. चिखलात हवा नाही, म्हणून झाडाने श्वास घ्यायला मुळं वर काढलेली. ती पायाखाली येऊ देऊ नका. तिवराचं एक जून पान उन्हाकडे धर. त्यावर बारीक पांढरे कण चमकतात. मुलाला बोटाने ते पुसायला सांग आणि बोट जिभेला लावायला सांग. मीठ! झाड खारं पाणी पितं आणि नको असलेलं मीठ पानांतून बाहेर टाकतं. माझा नातू त्या दिवशी घरी येऊन आजोबांना म्हणाला, आपल्याला घाम येतो तसा झाडाला मिठाचा घाम येतो. मला ते पुस्तकातल्या वाक्यापेक्षा बरं वाटलं. दुसरं झाड कांदळ. त्याच्या फांद्यांना हिरव्या शेंगांसारखं काही लोंबताना दिसेल. त्या शेंगा नव्हेत, झाडावरच रुजलेली रोपं आहेत. बी चिखलात पडलं तर भरतीबरोबर वाहून जाईल, म्हणून ते आईच्या अंगावरच रुजतं, चांगलं लांब होतं आणि मग खाली येतं. हे सासूबाईंना दाखव. त्या बघत उभ्या राहतील.

पक्षी दिसतीलच. खंड्या, बगळे, ढोकरी, वर ब्राह्मणी घार. पण दुर्बीण नसेल तर पक्ष्यांच्या मागे लागू नका, चार वर्षांच्या मुलीला लांबचा पक्षी दिसत नाही आणि दिसला नाही की ती चिडते. खेकडे तिच्या उंचीचे आहेत. डास मात्र भरपूर, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि मलम लागतंच. आत चहा-फराळाची सोय धरू नका, पाणी घरून न्या, आणि बाथरूमचं रायबंदरच्या बाजूलाच उरकून मग फेरीत चढा. मी हे पुन्हा पुन्हा सांगते आहे कारण सहली तिथेच बिघडतात.

जुन्या गोव्याचं थोडक्यात सांगते, कारण तुम्ही तिथे गेलेले असणारच. बॉम जेझूस आणि से कॅथेड्रल यांच्यामधला भाग सपाट आहे, झाडं आहेत, हिरवळ आहे, सासूबाईंना झेपेल. पण मुलाला तिथून सांत आगुस्तीनच्या मनोऱ्याकडे घेऊन जा. ४६ मीटर उंच, चिऱ्याचा, आणि अर्धाच उरलेला. छप्पर १८४२ मध्ये कोसळलं, मनोऱ्याचा अर्धा भाग १९३१ मध्ये पडला. आता त्याला विचार, पणजीच्या चर्चवरची घंटा कुठली होती? तो वर मान करून बघेल आणि ती तिथे कशी टांगलेली असेल, इतकी जड वस्तू खाली कशी उतरवली असेल, पणजीला कशी नेली असेल, असं विचारत सुटेल. सगळं तूच सांगू नकोस. त्याला घरी चित्र काढू दे.

खरं रान दाखवायचं असेल तर वर्षातून दोनदा पुरे, त्यासाठी अख्खा दिवस काढावा लागतो. बोंडला मला लहान मुलांसाठी योग्य वाटतं. चोडणचं पक्षी अभयारण्य सोडलं तर गोव्यातलं सगळ्यात लहान अभयारण्य, आठ चौरस किलोमीटर, गुरुवारी बंद. तांबडी सुर्लाला महादेवाचं कदंबकालीन देऊळ आहे. आपला दगड जांभा, पण ते देऊळ काळ्या बेसॉल्टचं, आणि गाडीपासून चालणं अगदी थोडं. मागे नदी, भोवती मोलेचं दाट रान. तिथे आवाज करू नका, म्हणजे शेकरू दिसण्याची आशा धरता येईल. माकडांना काही खायला देऊ नका, हातातली पिशवी तोंड बांधून ठेवा.

रानाच्या बाबतीत एक गोष्ट मी गंभीरपणे सांगते. आपल्याकडे सत्तरी तालुक्यात २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण सापडले आहेत. तो गोचिडींमुळे होतो, आणि डिसेंबरपासून मेपर्यंत त्यांचा जोर असतो. या महिन्यांत रानात जायचं तर पायात मोजे, पँट मोज्यात खोचलेली, पालापाचोळ्यावर बसायचं नाही, मेलेलं माकड दिसलं तर लांबूनच परत फिरून वनखात्याच्या माणसांना सांगायचं. घरी आल्यावर मुलांना गरम पाण्याने अंघोळ घालताना कानामागे, काखेत, गुडघ्याच्या मागे गोचीड नाही ना ते हाताने चाचपून बघ. पुढच्या आठवडाभरात ताप आला तर डॉक्टरांना 'आम्ही रानात गेलो होतो' हे आपणहून सांग. घाबरायचं कारण नाही, पण विसरायचंही नाही.

मुलाच्या मोबाइलचं लिहिलंस. घरी ठेव म्हणून भांडू नकोस, काम दे. पहिल्या रविवारी घंटा, चोडणला सुकतीचा हिशेब, कांपालला पान मिटायला किती मिनिटं लागली ते घड्याळ लावून मोजायचं. त्याला फोटो काढायचेच असतील तर फेरीत पाचच काढायचे, आणि घरी येऊन आजीला प्रत्येक फोटो कसला ते सांगायचं. पाचच म्हटलं की तो जपून काढतो, जपून काढायचं म्हटलं की आधी बघावं लागतं.

आणि एक, नवीन जागा शोधत सुटू नकोस. जिथे सगळे खूश होते तिथे पुन्हा जा. बागेतलं तेच बाकडं, तोच बन, तोच पर्जन्यवृक्ष. उन्हाळ्यात त्याला फुलं येतील, पावसात बुंध्यावर नेचे उगवतील. मुलांना पुन्हा तिथेच जायला आवडतं, कंटाळा आपल्याला येतो.

तर या रविवारी सव्वासहाला चहा, साडेसहाला निघा. सासूबाईंची पाण्याची बाटली वेगळी, त्यांच्याच हातात. हिंगाची डबी आठवणीने. धाकटीला बंद बूट घाल, चप्पल नको, आणि तिला कडेवर घ्यायची पाळी आली तर ते काम आधीच नवऱ्याकडे देऊन ठेव. फोंतेन्हासला गेलात आणि ते दार उघडं दिसलं तर सासूबाईंना त्या बाईंशी दोन शब्द बोलू दे. मग काय झालं ते मला नक्की लिहून कळव.